दारातली बेल घरभर ऐकू यावी म्हणून

घरातल्या विजेच्या कामांबद्दल वाचक आम्हाला प्रश्न पाठवतात. त्यातली बेलबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. वायरिंगला हात घालायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण काय करायचं आणि का, हे आपल्याला ठाऊक असलं तर काम नीट होतं.

प्रश्न : आमचं दुमजली रो-हाऊस आहे. बेल खालच्या हॉलमध्ये, दरवाज्याच्या वर आहे. वरच्या खोलीत दार लावून बसलं किंवा मागे स्वयंपाकघरात मिक्सर चालू असला की ती ऐकू येत नाही. कुरिअरवाला परत जातो. जास्त मोठ्या आवाजाची बेल कुठली घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

मोठ्या आवाजाची बेल घेऊ नका. साधीच दुसरी बेल घ्या आणि ती वर लावा.

हॉलमधली नेहमीची डिंग-डाँग बेल एक मीटर अंतरावर साधारण 80 डेसिबल आवाज देते. मध्ये एक बंद फ्लश डोअर आलं की त्यातले 20 च्या आसपास कमी होतात. प्लास्टर केलेली विटांची भिंत किंवा स्लॅब आला की 40 आणि वर. म्हणजे भिंती-स्लॅबमधून जवळजवळ काहीच वर येत नाही. जे येतं ते जिन्यातून वळून, बंद दाराच्या फटीतून. तिथे पंखा आणि टीव्ही मिळून आधीच 50-55 डेसिबल असतात, त्यात ते बुडून जातं. जुन्या बेलच्या शेजारी तशीच दुसरी लावलीत तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढेल, तो फरक कानाला जेमतेम कळतो. आणि खाली हूटर बसवलात तर हॉलमधली माणसं दचकतील, वरच्याला तरीही खात्री नाही. आवाज कान असतील तिथे नेऊन ठेवायचा, हेच खरं काम.

मात्र दुसरी घेण्याआधी पहिली पूर्ण आवाजात वाजते आहे ना ते पाहा. एमसीबी पाडून बेलचं झाकण काढा. आत एक कॉइल, त्यातून सरकणारा दांडा आणि दोन बाजूंना दोन पोलादी पट्ट्या दिसतील. बटण दाबलं की दांडा एका पट्टीवर आपटतो, सोडलं की स्प्रिंगमुळे दुसरीवर. नुसतं ‘डिंग’ येत असेल आणि ‘डाँग’ येत नसेल तर दांडा अडकतो आहे किंवा स्प्रिंग ढिली झाली आहे. दांडा कोरड्या फडक्याने पुसा. तेल अजिबात घालू नका. तेलात धूळ बसून चिकट राळ होते आणि महिन्याभरात दांडा पुन्हा अडकतो. पट्ट्या भिंतीला किंवा झाकणाला टेकता कामा नयेत, टेकल्या की आवाज लाकडी येतो. रंगकाम झाल्यावर बेल बसकी वाजू लागली असेल तर पट्टीवर किंवा दांड्यावर रंग उडाला आहे का बघा. फॉल्स सीलिंगच्या आत किंवा पडद्यामागे गेलेल्या बेलला मात्र जागा बदलण्याखेरीज उपाय नाही.

आता दुसरी बेल. तुमच्या बेल पॉइंटवर दोन वायरी येतात. एक न्यूट्रल, दुसरी बटणातून आलेली फेज, जी बटण दाबलेलं असेपर्यंतच जिवंत असते. नव्या बेललाही नेमक्या याच दोन वायरी हव्यात. म्हणून वायरमनला सांगा, की जुन्या बेलच्या दोन टर्मिनलांवरूनच दोन वायरी काढून वर ने, पॅरलल जोड. बटणाकडे नवी वायर न्यायची गरज नाही आणि वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही बोर्डमधून काही घ्यायचं नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे; त्याचं कारण पुढच्या उत्तरात येईल.

वायर तांब्याची, 1 चौरस मिलिमीटर; दुकानात ‘वन एमएम’ म्हटलं की मिळते. भिंतीकडेने, जिन्याच्या वळणासह टेपने मोजा आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जास्त धरा. रो-हाऊसमध्ये 12 ते 15 मीटर लागते, म्हणजे दोन वायरी मिळून 25-30 मीटर. फोडाफोड नको असेल तर 20 मिलिमीटरची केसिंग पट्टी जिन्याच्या कोपऱ्यातून वर न्या. डिश किंवा इंटरनेटच्या केबलच्या पाइपमधून ही वायर ओढू देऊ नका. जोड द्यावाच लागला तर तो कनेक्टर लावून डबीत, केसिंगमध्ये नुसती टेप गुंडाळून नाही.

काम सुरू करण्याआधी टेस्टर चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो याची खात्री करा. मग बेलच्या टर्मिनलांवर पाहा: बटण न दाबता एकाही टर्मिनलवर पेटायला नको, दाबल्यावर एकावरच पेटायला हवा. न दाबताच पेटला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसलं आहे, म्हणजे बेल कायम जिवंत आहे. ते आधी सुधारून घ्या. मात्र बटणावर दिवा असेल तर त्याच्यामुळेही टेस्टर मंद पेटू शकतो, तेव्हा तो दिवा सोडवून मग तपासा. यानंतर वीज बंद करताना इन्व्हर्टर विसरू नका. बऱ्याच घरांत बेल इन्व्हर्टरच्या लाइनवर असते, आणि मेन स्विच पाडला तरी ती जिवंत राहते.

वरची बेल बेडरूममध्ये नको, पॅसेजमध्ये लावा, जिथून सगळी दारं जवळ पडतील अशा ठिकाणी, छतापासून हातभर खाली. स्वयंपाकघराचं दुखणं वेगळं आहे. मिक्सर स्वतःच 80 ते 90 डेसिबल आवाज करतो, त्यामुळे तिथे तिसरी बेल ओट्याच्या समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेत लावा आणि तिच्यासोबत दिवाही घ्या (दिव्याचं पुढे येतंच आहे). बेलचं बटण 6 अँपिअरचं असतं, तीन बेल त्याला काहीच जड नाहीत.

प्रश्न : वायरमनने वर दुसरी बेल बसवून दिली. तेव्हापासून दोन्ही बेल नुसत्या गुरगुरतात, वाजत नाहीत.
— वाचक, कऱ्हाड

प्रश्न : दुसरी बेल वाजते, पण बटण दाबलं की कधीकधी घरातली सगळी वीज जाते. आरसीसीबी पडलेला असतो.
— वाचक, ठाणे

कऱ्हाडच्या वाचकांच्या घरी बेल सिरीजमध्ये जोडल्या गेल्या आहेत: एकीतून निघालेली वायर दुसरीत आणि तिथून न्यूट्रलला. 230 व्होल्ट दोघींत वाटले जातात, प्रत्येकीला 115 च्या आसपास मिळतात. कॉइलची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून व्होल्टेज निम्मं झालं की ओढ पाव उरते. दांडा हलतो, पट्टीपर्यंत पोचत नाही, तिथल्या तिथे थरथरतो. तीच गुरगुर. अशा अवस्थेत बटण फार वेळ दाबू नका, अडकलेल्या दांड्याची कॉइल तापते. दोन्ही बेलना स्वतंत्रपणे तीच फेज आणि तोच न्यूट्रल मिळेल अशी जोडणी करून घ्या. बेल बदलण्याची गरज पडणार नाही.

ठाण्याच्या घरात काय झालं असावं, याच्या दोन शक्यता आहेत. पहिली, वायर वाचवण्यासाठी वरच्या बेलला फेज खालच्या बटणातून आणि न्यूट्रल वरच्या बोर्डातून दिला आहे. आरसीसीबी म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. तो आपल्यातून गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो. एका आरसीसीबीतून गेलेला करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलवरून परतला तर त्याच्या दृष्टीने ती गळतीच. इन्व्हर्टरची लाइन आणि साधी लाइन यांची सरमिसळ झाली तरी हेच होतं. वरच्या बोर्डातून काही घेऊ नका असं आम्ही म्हटलं ते यासाठीच.

दुसरी शक्यता धोकादायक आहे. जवळ न्यूट्रल नाही म्हणून बेलची दुसरी वायर अर्थिंगला टाकलेली असते. बेल वाजतेही, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ज्या घरात आरसीसीबी नाही आणि अर्थिंग कुठे तुटलेलं आहे, तिथे बटण दाबल्यावर त्या अर्थला जोडलेल्या फ्रिज-गीझरच्या पत्र्यावर वीज येऊ शकते. हिरवी वायर बेलच्या टर्मिनलवर दिसली की काम तिथेच थांबवून आधी ती काढायला लावा. कधीकधी पडतो म्हणून आरसीसीबीच काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका.

याच विषयातली आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. खाली डिंग-डाँग आणि वर म्युझिकल बेल अशी पॅरलल जोडी केली तर काही महिन्यांत म्युझिकल बेल मरू शकते. बटण सोडताना डिंग-डाँगची कॉइल क्षणभर मोठं व्होल्टेज परत फेकते, ते म्युझिकलच्या नाजूक सर्किटवर जातं. 0.1 मायक्रोफॅरडचा 275 व्होल्ट एसी एक्स-2 कपॅसिटर आणि 100 ओहमचा अर्धा वॉटचा रेझिस्टर एकमेकांना सिरीजमध्ये जोडून डिंग-डाँगच्या दोन टर्मिनलांवर लावला की हा झटका शोषला जातो. हे जमणार नसेल तर दोन्ही बेल डिंग-डाँगच घ्या.

प्रश्न : फ्लॅट नवा आहे, फोडाफोड करायची नाही. वायरलेस बेल आणली. हॉलमध्ये वाजते, आतल्या बेडरूममध्ये रिसीव्हर लावला की वाजत नाही. खोक्यावर तर 150 मीटर लिहिलंय.
— एक वाचक, पिंपरी

खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो. फ्लॅटमध्ये आरसीसीच्या भिंती आणि त्यातल्या सळ्या रेडिओ लहरी खातात. पण तुमच्या बाबतीत पहिला संशय दारावर घ्या. लोखंडी सेफ्टी डोअरच्या चौकटीवर किंवा पत्र्यावर बटण थेट चिकटवलं असेल तर धातूमुळे त्याच्या छोट्या अँटेनाची ताकदच जाते. बटण हातात धरून दारापासून फूटभर लांब उभं राहा आणि दाबा. बेडरूममध्ये वाजली तर रोग सापडला. बटण बाजूच्या भिंतीवर लावा, किंवा धातू आणि बटण यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा.

त्यानेही भागलं नाही तर सेल बघा. बऱ्याच बटणांत 12 व्होल्टचा ‘23ए’ नावाचा बुटका सेल असतो. मल्टिमीटरवर तो 10 व्होल्टच्या खाली दिसला तर बदला. बटणावरचा दिवा लागतो म्हणून सेल चांगला आहे असं समजू नका, कारण दिवा कमी व्होल्टेजवरही लागतो. रिसीव्हर फ्रिज, मायक्रोवेव्ह किंवा लोखंडी कपाटामागच्या सॉकेटमध्ये असेल तर तिथून हलवा. दोन-तीन फुटांच्या फरकानेही सिग्नल लागतो.

तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा. एका बटणावर दोन-तीन रिसीव्हर चालतात. पॅसेजमध्ये एक, बेडरूममध्ये एक असं ठेवा. जादा रिसीव्हर घेताना तो त्याच सेटचा, त्याच मॉडेलचा हवा. जोडायची रीत बहुतेक सेटमध्ये सारखी आहे: रिसीव्हरवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकला किंवा बीप आली की लगेच दारातलं बटण दाबायचं. जुन्या स्वस्त सेटमध्ये कोड आतल्या छोट्या जंपरने ठरतो, आणि कारखान्यातून येताना तो अनेकांचा सारखाच असतो. शेजाऱ्यांची बेल वाजली की तुमची वाजते ती यामुळेच. बटणात आणि रिसीव्हरमध्ये एकच जंपर सारखा बदलला की हा त्रास संपतो.

तुमच्या दारात बिल्डरने दिलेली वायरची बेल असेलच. पाहुणा ते बटण दाबतो की वायरलेसचं, हा गोंधळ बहुतेक घरांत होतो. त्यावर सुंदर उपाय आहे. 230 व्होल्ट एसी कॉइलचा एक छोटा रिले (कॉइलला वीज मिळाली की आपोआप दाबला जाणारा स्विच), त्याच्या सॉकेट बेससह घ्या. त्याची कॉइल वायरच्या बेलला पॅरलल जोडायची. वायरलेस बटण उघडून त्यातल्या छोट्या स्विचच्या दोन टोकांना दोन बारीक वायरी डाग द्यायच्या आणि त्या रिलेच्या ‘कॉमन’ आणि ‘एनओ’ (एरवी उघडा राहणारा) या कॉन्टॅक्टला आणायच्या. आता दारातलं जुनं बटण दाबलं की हॉलमधली बेल वाजते आणि त्याच क्षणी रिले वायरलेस बटण ‘दाबतो’. वायरलेस बटण घराच्या आत राहतं, त्यामुळे लोखंडी दाराचा प्रश्नच उरत नाही आणि सेलला पाऊसही लागत नाही. सगळं पीव्हीसीच्या डबीत बसवा, पत्र्याच्या नको. सेलकडच्या वायरी आणि 230 व्होल्टच्या वायरी डबीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी आत घ्या, त्या एकमेकींना कुठेही टेकायला नकोत.

प्रश्न : वडील 82 वर्षांचे आहेत, दुपारी घरी एकटे असतात. चिमणीसारखी वाजणारी नवी बेल लावली, आवाज आम्हाला तर टोचतो, पण त्यांना ऐकूच येत नाही.
— एक वाचक, सोलापूर

आवाज कमी पडत नाही, त्याचा सूर चुकला आहे. वयामुळे कान मंदावतात तेव्हा आधी वरचे सूर जातात, 2,000 हर्ट्झच्या पुढचे. चिमणीची बेल नेमकी तिथेच, 2,000 ते 4,000 हर्ट्झमध्ये वाजते. जुन्या डिंग-डाँगचे सूर साधारण 1,000 हर्ट्झच्या आतले असतात. त्यामुळे तीच साधी बेल वडील जिथे बसतात त्या खोलीत लावून बघा; अनेकदा एवढ्यानेच काम होतं. म्युझिकलच घ्यायची असेल तर दुकानात सगळ्या धून वाजवून खर्जातली, थांबून-थांबून वाजणारी निवडा, आणि शक्य असेल तर वडिलांनाच सोबत न्या.

जोडीला दिवा द्या. साधा 9 वॉटचा एलईडी बल्ब होल्डरमध्ये लावून बेलच्याच दोन वायरींना पॅरलल जोडला की बटण दाबलेलं असेपर्यंत तो लागतो. मात्र पाहुणा बटण क्षणभरच दाबतो आणि काही एलईडी बल्ब लागायला अर्धा सेकंद घेतात, म्हणून दुकानातच चालू-बंद करून पटकन लागणारा बल्ब घ्या. वडिलांची नजर नेहमी जिकडे असते तिकडे, टीव्हीच्या वर किंवा बाजूला, दिवा लावा. पाठीमागच्या दिव्याचा उपयोग नाही. अधिक चांगलं हवं असेल तर चमकणारा दिवा असलेला वायरलेस रिसीव्हर मिळतो, तो काही सेकंद लुकलुकत राहतो. झोपेत असताना कळावं म्हणून खिशात किंवा उशाखाली ठेवायचे थरथरणारे रिसीव्हरही मिळतात.

इथे एक अडचण येऊ शकते. बटणावर अंधारात दिसणारा छोटा लाल दिवा असेल तर त्यातून थोडासा करंट कायम बेलकडे जात राहतो. डिंग-डाँगला त्याचं काही नसतं, पण एलईडी बल्ब रात्रभर मिणमिणू शकतो किंवा मधूनच चमकू शकतो. म्युझिकल बेल तर मध्यरात्री आपोआप किणकिणू शकते. दिवा नसलेलं बटण लावा, किंवा असलेल्या बटणातला दिवा सोडवून टाका.

प्रश्न : घर रस्त्यापासून आत आहे, बेलचं बटण फाटकाच्या खांबावर, 30 मीटरवर. पावसाळ्यात बेल आपोआप वाजते आणि बटणाला हात लावायची भीती वाटते.
— एक वाचक, चिपळूण

भीती योग्य आहे. उघड्यावरच्या खांबावर 230 व्होल्टचं बटण असूच नये. कोकणातल्या पावसात पाणी बटणात शिरतं, आतल्या मळावरून आणि मुंग्यांच्या मातीवरून करंट झिरपतो, म्युझिकल बेलला तेवढा पुरतो आणि ती वाजते. ओल्या बोटाने बटण दाबणाऱ्या माणसाला काय होऊ शकतं ते सांगायला नको.

फाटकापर्यंत फक्त 12 व्होल्ट न्या. घरात चांगल्या कंपनीचा 12 व्होल्ट 1 अँपिअर डीसी अडॅप्टर, 12 व्होल्ट कॉइलचा आणि 250 व्होल्टला 7 किंवा 10 अँपिअर कॉन्टॅक्टचा एक रिले, एक 1एन4007 डायोड आणि 1 चौरस मिलिमीटरची दोन पदरी वायर, एवढं सामान. अडॅप्टरचा प्लस फाटकाच्या बटणातून जाऊन रिलेच्या कॉइलला येतो, कॉइलचं दुसरं टोक मायनसला. डायोड कॉइलच्या दोन टोकांवर, पट्टीची बाजू प्लसकडे; उलटा लावलात तर बटण दाबताच शॉर्ट होईल. आतापर्यंत खांबावरचं बटण 230 व्होल्टच्या सर्किटमध्ये जे काम करत होतं, ते आता घरातल्या घरात रिलेचा कॉन्टॅक्ट करतो. हॉल, माजघर, परसदार, जिथे जिथे बेल पॅरलल लावल्या असतील त्या सगळ्या एकदम वाजतात.

30 मीटरवर व्होल्टेज पडेल का? 1 चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे 18 ओहम असतो. जाऊन-येऊन 60 मीटरला 1.1 ओहम. रिलेची कॉइल 80 मिलिअँपिअर घेत असली तरी 0.1 व्होल्टसुद्धा पडत नाही. उलट 12 व्होल्टची बेल थेट फाटकाच्या वायरीवर चालवली आणि ती अर्धा अँपिअर घेत असली, तर अर्ध्या व्होल्टच्या वर जातं. बारीक टेलिफोनची वायर वापरली असेल तर त्याच्या कितीतरी पट, आणि बेल कुथत वाजते. दुसरा फायदा असा की ओलीतून झिरपणारा चिमूटभर करंट रिले ओढू शकत नाही. त्याला दहा-वीस मिलिअँपिअर तरी लागतातच. त्यामुळे पावसाने बेल आपोआप वाजणं थांबतं.

बटण आयपी 65 दर्जाचं, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारं घ्या. वायर त्यात वरून नाही, खालून येऊ द्या, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोल ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलातून टपकतं, आत जात नाही. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही कडेच्या फटीत भरा, खालची फट उघडी सोडा. आत साचलेला दमटपणा बाहेर जायला वाट हवी. 12 व्होल्टची वायर 230 च्या पाइपमधून आणू नका, तिला वेगळा पाइप द्या. दरवर्षी मे महिन्यात बटण उघडून मुंग्यांची माती आणि हिरवट पडलेले स्क्रू साफ करा.

प्रश्न : वाय-फायची कॅमेरावाली बेल घेतली तर फोनवरच कळेल. मग घरात बेल हवीच कशाला?
— एक वाचक, पुणे

कोण आलंय हे पाहायला ती उत्तम आहे, पण घरभर ऐकू येण्यासाठी फक्त तिच्यावर विसंबू नका. सूचना राउटरमधून, इंटरनेटवरून फिरून फोनवर येते. कधी लगेच, कधी काही सेकंदांनी. फोन सायलेंटवर किंवा चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असला की काहीच कळत नाही, आणि घरातल्या आजी-आजोबांकडे, मदतनीस बाईंकडे ते ॲप नसतं. घेताना सोबत सॉकेटमध्ये लावायचा चाइम, म्हणजे घरात वाजणारा रिसीव्हर, मिळतो का ते विचारा आणि तो पॅसेजमध्ये लावा.

वीज गेल्यावरची सोय सगळ्यांनीच एकदा तपासून घ्यावी. वायरची बेल इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे मेन पाडून बटण दाबलं की कळतं. वायरलेसचे रिसीव्हर सॉकेटवरचे असतील तर त्यातला निदान एक तरी इन्व्हर्टरवरच्या सॉकेटमध्ये किंवा सेलवर चालणारा ठेवा. कॅमेरावाली बेल असेल तर राउटरही इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर वीज गेली की तिचा फोनशी संबंध तुटतो.